डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स: तो ‘ग’ आणायचा कुठून?

एम.एस्सी. गणिताच्या उत्तरपत्रिकेत एक ओळ हमखास सापडते: ‘डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स थिअरमनुसार लिमिट आत घेतलं.’ झालं. पुढच्या ओळीत थेट उत्तर. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, सेट-नेटची तयारी करणारी मुलं ‘डीसीटी’ (म्हणजे हाच थिअरम, जो लिमिट इंटिग्रलच्या आत नेऊ देतो) उठता-बसता वापरतात, पण ज्याच्या जोरावर तो चालतो ते फंक्शन (शीर्षकातलं ‘ग’) मात्र कागदावर उतरतच नाही. मार्क कापले जातात ते इथं, आणि बरोबरच कापले जातात. डीसीटी वापरताना करायचं जे काही काम असतं, ते सगळं त्या एका फंक्शनच्या शोधात असतं. ही पोस्ट त्या शोधाबद्दल आहे.

आधी खुणा ठरवून घेऊ. क्ष हे चल, न हा क्रमांक, फ_न ही फंक्शन्सची सिक्वेन्स, फ तिची लिमिट. ई म्हणजे २.७१८२८… हा आकडा, आणि ^ म्हणजे घात. मेझर म्हणजे सेटची ‘लांबी’ मोजण्याचं माप, मेझरेबल म्हणजे या मापात बसणारं, आणि ‘जवळजवळ सर्वत्र’ म्हणजे शून्य मेझरचा सेट सोडून बाकी सगळीकडे.

थिअरम असा. फ_न मेझरेबल आहेत आणि जवळजवळ सर्वत्र फ_न(क्ष) → फ(क्ष). शिवाय एक ग असं आहे की प्रत्येक न साठी, जवळजवळ सर्वत्र |फ_न(क्ष)| ≤ ग(क्ष), आणि ∫ग सांत आहे, म्हणजे अनंत नाही. मग ∫फ_न → ∫फ. खरं तर याहून जास्तच हाती लागतं: ∫|फ_न − फ| → ०.

ग वर दोनच बंधनं आहेत. त्यात न असता कामा नये, आणि त्याचं इंटिग्रल सांत हवं. पहिलं बंधन मुलं नकळत मोडतात (‘|फ_न| ≤ न·ई^(−क्ष), म्हणून डॉमिनेटेड’), दुसरं तपासायचंच विसरतात (‘|फ_न| ≤ १, म्हणून डॉमिनेटेड’, आणि इंटिग्रल मात्र ० ते ∞).

ही बंधनं का लागतात ते कळायला तीन सिक्वेन्स पुरतात. पहिली: (०, १/न) वर फ_न = न, बाकी शून्य. दुसरी: (०, न) वर फ_न = १/न, बाकी शून्य. तिसरी: (न, न+१) वर फ_न = १, बाकी शून्य. तिन्हींत प्रत्येक क्ष ला फ_न(क्ष) → ०, पण प्रत्येक न साठी ∫फ_न = १. म्हणजे लिमिटचं इंटिग्रल ०, इंटिग्रलची लिमिट १.

धरणगाव-चोपड्याकडच्या एखाद्या जिनिंगच्या आवारात कापसाचा ढीग पडलाय असं समजा. कापूस तेवढाच, एक क्विंटल. पहिल्या सिक्वेन्समध्ये ढीग दिवसागणिक अरुंद आणि उंच होत जातो. दुसरीत तो पसरत पसरत इतका पातळ होतो की कुठंही पाहा, हाताला काही लागत नाही. तिसरीत ढिगाचा आकार तोच, पण तो रोज एक पाऊल पुढं सरकतो आणि शेवटी आवारातून दिसेनासा होतो. एका जागी उभं राहून पाहिलं तर तिन्हींत कापूस संपला, वजन करायला गेलं तर तेवढाच. आता आवारावर एक ठरलेली शेड घाला आणि सांगा की ढीग रोज त्या शेडच्या आतच राहिला पाहिजे. शेडखाली मावणारी एकूण जागा सांत असेल, तर कापसाला उंचीनं, रुंदीनं किंवा चालत जाऊन पळता येत नाही. ती शेड म्हणजे ग.

‘या सिक्वेन्सला ग नाहीच’ हे सिद्ध करायचं असेल तर? त्याला एक पक्की कसोटी आहे, आणि ती फार कमी वर्गांत सांगितली जाते. प्रत्येक क्ष ला |फ_न(क्ष)| ची न वर घेतलेली सुप्रीमम (सगळ्या न मिळून गाठलेली वरची हद्द) काढा, तिला स म्हणू. कोणतंही ग चालायचं असेल तर ते जवळजवळ सर्वत्र स पेक्षा मोठं किंवा तेवढंच असणार. म्हणून ∫स सांत असेल तर स हेच ग म्हणून चालतं, आणि ∫स अनंत असेल तर कोणतंच ग चालत नाही. पहिल्या सिक्वेन्सला हे लावून पाहू. क्ष जर १/(न+१) आणि १/न यांच्या मध्ये असेल (डावं टोक धरून), तर १ ते न या क्रमांकांची फंक्शन्स तिथं शून्य नाहीत आणि त्यातलं सगळ्यात मोठं न. म्हणून तिथं स = न. त्या तुकड्याची लांबी १/न − १/(न+१) = १/(न(न+१)). गुणाकार १/(न+१). सगळ्या तुकड्यांची बेरीज १/२ + १/३ + १/४ + …, म्हणजे हार्मोनिक सिरीज, अनंत. विषय संपला. दुसऱ्या सिक्वेन्सला स साधारण १/क्ष सारखं घटतं आणि तिसरीला (१, ∞) वर स जवळजवळ सर्वत्र १. तिथंही ∫स अनंतच.

सिद्धता फातूच्या लेमावरून चार ओळींत येते, पण त्या चार ओळींत प्रत्येक गृहीतक नेमकं कुठं खर्ची पडतं ते बघण्यासारखं आहे. फातू सांगतो: फंक्शन्स ऋण नसतील तर ∫(लिमइन्फ) ≤ लिमइन्फ(∫) (लिमइन्फ म्हणजे सिक्वेन्स शेवटी शेवटी जिथवर खाली येत राहते ती खालची लिमिट, लिमसुप तशीच वरची). हा लेमा २ग − |फ_न − फ| ला लावायचा. |फ_न| ≤ ग, म्हणून |फ| ≤ ग, म्हणून |फ_न − फ| ≤ २ग. म्हणजे हे फंक्शन ऋण नाही; डॉमिनेशनचा पहिला उपयोग इथं. फातू लावला की ∫२ग ≤ ∫२ग − लिमसुप ∫|फ_न − फ|. आता दोन्ही बाजूंचं ∫२ग काढून टाकायचं. ते सांत आहे म्हणूनच काढता येतं. ∞ मधून ∞ वजा करता येत नाही. दुसऱ्या बंधनाचा उपयोग हा. उरतं ते लिमसुप ∫|फ_न − फ| ≤ ०. परीक्षेत ही सिद्धता आली की ‘∫ग < ∞ असल्यानं’ हे शब्द त्याच ओळीत लिहावेत, वर गृहीतकात लिहिलंय म्हणून सोडू नयेत.

ज्याच्या इंटिग्रलवर हा थिअरम उभा आहे त्या लेबेगच्या आधी हे नव्हतंच असं नाही. आर्झेला या गणितज्ञानं १८८५ मध्ये रीमान इंटिग्रलसाठी (म्हणजे कॉलेजात आधी शिकतो त्या नेहमीच्या इंटिग्रलसाठी) सिद्ध केलं होतं की सांत इंटर्व्हलवर सगळी फ_न एकाच आकड्याखाली असतील तर लिमिट आत नेता येते. पण त्यात लिमिट फंक्शन रीमान-इंटिग्रेबल आहे हे आधीच गृहीत धरावं लागतं. ते धरलं नाही तर काय होतं? [०, १] मधल्या परिमेय संख्या ओळीनं मांडा आणि पहिल्या न संख्यांवर फ_न = १, बाकी ० ठेवा. प्रत्येक फ_न चं रीमान इंटिग्रल ०. लिमिट मात्र परिमेयावर १ आणि अपरिमेयावर ०, म्हणजे रीमान इंटिग्रल नाहीच. लेबेगचा प्रबंध १९०२ चा, बेप्पो लेव्ही आणि फातू यांचे निकाल १९०६ चे. त्या चारेक वर्षांत ही अडचण कायमची मिटली.

आता मुख्य प्रश्न: ग आणायचं कुठून. एकच एक कृती नाही, पण चार-पाच युक्त्या इतक्या वेळा लागतात की त्या हातात बसायलाच हव्यात.

सगळ्यात जास्त कामाला येणारी असमता १ + उ ≤ ई^उ. नेहमीचा प्रश्न: ∫(० ते न) (१ − क्ष/न)^न · ई^(क्ष/२) ची न → ∞ ला लिमिट. इंटिग्रलची वरची हद्दच न बरोबर हलते, तेव्हा आधी फ_न ला न च्या पुढं शून्य मानून सगळं इंटिग्रल ० ते ∞ करून घ्या. हे लिहिल्याशिवाय डीसीटी लावताच येत नाही, कारण थिअरम एका ठरलेल्या सेटवरचा आहे. मग उ = −क्ष/न घेऊन (१ − क्ष/न)^न ≤ ई^(−क्ष), म्हणून फ_न ≤ ई^(−क्ष/२), आणि याचं इंटिग्रल २. लिमिट फंक्शनही तेच, उत्तर २. न = १ ला हे इंटिग्रल सुमारे ०.५९५ येतं, न = २ ला ०.८७३, हळूहळू वर चढत २ कडे जातं. इथं मोनोटोन कन्व्हर्जन्सनंही (ऋण नसलेली, वाढत जाणारी सिक्वेन्स असेल तर ग शिवायच लिमिट आत नेणारा थिअरम) चाललं असतं, कारण ठरावीक क्ष ला (१ − क्ष/न)^न वाढत जातं.

हीच असमता उलट्या दिशेनं वापरून घात होतो तो पुढच्या प्रश्नात. ∫(० ते ∞) १ / [(१ + क्ष/न)^न · क्ष^(१/न)] ची लिमिट. आतलं फंक्शन ई^(−क्ष) कडे जातं, म्हणून घाईत ग = ई^(−क्ष) लिहून मोकळे होतात. पण (१ + क्ष/न)^न ≤ ई^क्ष, म्हणजे त्याचा व्यस्त ई^(−क्ष) पेक्षा मोठा! शेड ढिगाच्या खाली गेली. इथं तीन गोष्टी कराव्या लागतात. एक, न = १ सोडून द्या; तिथं १/[(१+क्ष)क्ष] चं इंटिग्रल शून्याजवळ अनंतच आहे. लिमिटला सुरुवातीच्या काही पदांचं सोयरसुतक नसतं, म्हणून न ≥ २ एवढंच पाहायचं. दोन, इंटर्व्हल तोडा. (०, १) वर छेदातला पहिला भाग किमान १, आणि क्ष^(−१/न) ≤ क्ष^(−१/२). याचं इंटिग्रल २, सांत. तीन, [१, ∞) वर क्ष^(−१/न) ≤ १, आणि द्विपदी विस्तारातलं फक्त वर्गाचं पद ठेवलं तर (१ + क्ष/न)^न ≥ (न−१)/(२न) · क्ष² ≥ क्ष²/४, कारण न ≥ २. म्हणून फंक्शन ≤ ४/क्ष², इंटिग्रल ४. ग असं दोन तुकड्यांत शिवलेलं, ∫ग = ६. लिमिटचं उत्तर १.

∫ग = ६ आणि उत्तर १ यात काही खटकायला नको. ग घट्ट बसलंच पाहिजे असं थिअरम म्हणत नाही. ढिसाळ ग चालतं, फक्त सांत हवं. सर्वोत्तम ग च्या मागं लागून वेळ घालवणं हीही एक नेहमीची चूक, विशेषतः परीक्षेत.

कधी कधी ग नसतंच, आणि चल बदललं की समोर येऊन उभं राहतं. [०, १] वर सलग असलेलं कोणतंही फंक्शन ह घ्या आणि न·∫(० ते १) क्ष^न · ह(क्ष) ची लिमिट काढा. ह = १ ठेवलं तर सुप्रीमम क्ष = १ जवळ साधारण १/[ई(१−क्ष)] एवढी वाढते, इंटिग्रल अनंत, डीसीटीचा रस्ता बंद. आता य = क्ष^न ठेवा. हिशेब केला की तेच इंटिग्रल ∫(० ते १) य^(१/न) · ह(य^(१/न)) होतं. प्रत्येक य > ० ला य^(१/न) → १, म्हणून आतलं फंक्शन ह(१) कडे जातं, आणि ग म्हणून |ह| ची कमाल किंमत, एक साधा आकडा, पुरतो. उत्तर ह(१). चल बदलल्यानं १ जवळ साचलेला ढीग सगळ्या इंटर्व्हलवर पसरला, एवढंच झालं. शंभर गणितं सोडवण्यापेक्षा हे एक गणित नीट समजून घेण्यात जास्त फायदा आहे, असं माझं मत.

इंटिग्रलच्या जागी सिरीज असली तरी थिअरम हाच. मोजणीचं मेझर घेतलं की इंटिग्रल म्हणजे बेरीज. याला टॅनरीचा थिअरम म्हणतात. उदाहरण: (१^न + २^न + … + न^न) / न^न. शेवटून मोजलं तर पदं (१ − क/न)^न, क = ०, १, २, … न−१. प्रत्येक क ला पद ई^(−क) कडे जातं आणि ई^(−क) पेक्षा कधी मोठं होत नाही. Σई^(−क) सांत आहे, म्हणून लिमिट १/(१ − १/ई) = ई/(ई−१), सुमारे १.५८२. न = १० ला हातानं करून पाहा: १ + ०.३४८७ + ०.१०७४ + ०.०२८२ + ०.००६० + ०.००१० + ०.०००१, म्हणजे १.४९१४. ‘प्रत्येक पद वेगळं लिमिटला नेलं आणि बेरीज केली’ हे असंच लिहिलं तर अपुरं. पदांची संख्याही वाढतेय, त्यामुळं ई^(−क) चा उल्लेख हवाच.

आता सगळ्यात नाजूक जागा. न ऐवजी त सारखा सलग पॅरामीटर असेल तर? त → ० होणारी कोणतीही सिक्वेन्स घ्या आणि डीसीटी लावा. ती सिक्वेन्स कोणतीही असली तरी उत्तर तेच, म्हणून लिमिटही तेच. इथवर ठीक. इंटिग्रलच्या आत डिफरन्शिएट करायचं असेल तर ग त वरच्या डेरिव्हेटिव्हला हवं, मूळ फंक्शनला नव्हे, आणि ते ज्या बिंदूपाशी डिफरन्शिएट करतोय त्याच्या आसपासच्या सगळ्या त साठी एकच हवं.

∫(० ते ∞) (साइन क्ष)/क्ष हे पुस्तकी उदाहरण घ्या. फ(त) = ∫ ई^(−तक्ष) · (साइन क्ष)/क्ष, त > ०. डेरिव्हेटिव्ह आत नेलं की −ई^(−तक्ष) · साइन क्ष. सगळ्या त > ० साठी मिळून एक ग मिळत नाही: त शून्याजवळ नेला की सुप्रीमम |साइन क्ष| होते. पण त ≥ अ > ० एवढंच पाहिलं तर ई^(−अक्ष) हे ग झालं, आणि अ हवं तेवढं लहान घेता येतं. म्हणून प्रत्येक त > ० ला फ′(त) = −१/(१+त²). त → ∞ ला फ(त) → ० (कारण |फ(त)| ≤ १/त), म्हणून फ(त) = पाय/२ − टॅन-इन्व्हर्स त. आता त → ०+ घेतला की पाय/२.

या शेवटच्या पायरीवर जवळपास सगळे ‘डीसीटीनुसार’ लिहितात. चूक आहे. इथं ग व्हायला |साइन क्ष|/क्ष लागेल, आणि त्याचं इंटिग्रल अनंत आहे. मूळ इंटिग्रल लेबेगच्या अर्थानं अस्तित्वातच नाही. ते अयोग्य (इम्प्रॉपर, म्हणजे वरची हद्द ∞ कडे नेऊन काढलेलं) रीमान इंटिग्रल म्हणून, धन-ऋण भाग एकमेकांना खात गेल्यानं, सांत येतं. डीसीटीला अशी खाडाखोड चालत नाही, तो निरपेक्ष किमतीवरच उभा आहे.

उपाय आहे, आणि फार देखणा आहे. साइन क्ष ला (१ − कोसाइन क्ष) चं डेरिव्हेटिव्ह मानून एकदा बाय पार्ट्स करा. टोकांची पदं दोन्हीकडं शून्य होतात आणि उरतं फ(त) = ∫ (१ − कोसाइन क्ष)/क्ष² · (१ + तक्ष) · ई^(−तक्ष). आणि (१ + उ)·ई^(−उ) ≤ १, तीच पहिल्या गणितातली असमता! म्हणून ग = (१ − कोसाइन क्ष)/क्ष². शून्याजवळ ते १/२ कडे जातं, दूर २/क्ष² च्या खाली राहतं, इंटिग्रल सांत. आता डीसीटी हक्कानं लावा: त → ०+ ला फ(त) → ∫(१ − कोसाइन क्ष)/क्ष², आणि हेच बाय पार्ट्स उलट करून ∫(साइन क्ष)/क्ष. किंमत पाय/२. उत्तर तेच आलं, पण आता ते सिद्ध झालं.

एक इशारा जाता जाता: ‘सिक्वेन्स’ हा शब्द थिअरममध्ये शोभेला नाही. [०, १] चे सगळे सांत उपसेट घ्या आणि प्रत्येकाचं इंडिकेटर फंक्शन (उपसेटवर १, बाहेर ०). उपसेट वाढवत नेले की ही फंक्शन्स प्रत्येक बिंदूला १ होतात, सगळी १ च्या खाली आहेत, पण प्रत्येकाचं इंटिग्रल ०. ‘नेट’च्या (परीक्षा नव्हे; १, २, ३ ऐवजी अशा उपसेटांच्या क्रमानं लिमिट घ्यायची रीत) भाषेत लिमिट घ्यायची सवय असलेल्यांनी इथं जपावं.

राहिला उलटा प्रश्न. ग मिळालं नाही म्हणजे निष्कर्ष खोटा, असं नाही. [न, न + १/न) वर फ_न = १, बाकी शून्य. फ_न → ०, ∫फ_न = १/न → ०, सगळं सुरळीत. पण हे तुकडे एकमेकांवर येत नाहीत, म्हणून सुप्रीममचं इंटिग्रल १ + १/२ + १/३ + …, अनंत. डीसीटी गप्प बसतो. अशा वेळी १९०७ चा व्हिटालीचा थिअरम कामी येतो: ग ऐवजी तो मागतो की सगळी फ_न मिळून युनिफॉर्मली इंटिग्रेबल असावीत (म्हणजे उंच शेंड्यांमधला इंटिग्रलचा वाटा सगळ्या न साठी एकदमच लहान करता यावा), आणि एकूण मेझर अनंत असेल तर दूरचा भाग सगळ्या न साठी एकदमच लहान करता यावा. मेझर सांत असेल तर तपासणी सोपी होते: ∫|फ_न|² सगळ्या न साठी एका आकड्याच्या खाली ठेवता आलं, आणि फ_न जवळजवळ सर्वत्र फ कडे जात असेल, की काम झालं. वर्गाची जागा १ पेक्षा मोठ्या कोणत्याही ठरावीक घातानं घेता येते. घात १ मात्र पुरत नाही. पहिल्या सिक्वेन्समध्ये ∫|फ_न| कायम १ च होतं. तिथं ∫|फ_न|² काढून पाहिलं तर न येतं.